दुसऱ्याच्या झेंड्याखाली

दोन देशांनी राजनैतिक संबंध तोडल्याची बातमी वर्तमानपत्रात मोठ्या मथळ्यासह येते आणि बहुधा तिथेच संपते. राजदूत परतला, झेंडा उतरला, दाराला कुलूप लागले, एवढे आपल्याला कळते. त्यानंतर त्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहते, रिकाम्या इमारतीची डागडुजी कोण करतो, आणि त्या देशात मागे राहिलेल्या नागरिकाचा पासपोर्ट हरवला तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे, याचा उल्लेख त्या बातमीत नसतो. मला मात्र गेल्या काही वर्षांत याच प्रश्नांचा नाद लागला आहे, आणि त्या नादापायी केलेल्या वाचनातून माझे असे मत झाले आहे, की अमेरिकेसारखी महासत्ता परदेशात कशी वावरते हे तिच्या भव्य दूतावासांवरून जेवढे समजते, त्याहून अधिक, जिथे तिला स्वतःची पाटीही लावता येत नाही अशा ठिकाणांवरून समजते.

पाटी लावता येते तिथला कारभार आधी थोडक्यात सांगते. सिडनीची लोवी इन्स्टिट्यूट ही संस्था देशोदेशींच्या दूतावासांची आणि वाणिज्य दूतावासांची मोजदाद करते. तिच्या २०२४ च्या सूचीत चीनची २७४ आणि अमेरिकेची २७१ कार्यालये होती. या साऱ्या पसाऱ्याचे नियम १८ एप्रिल १९६१ रोजी व्हिएन्नात झालेल्या करारात आहेत. राजदूत नेमण्याआधी यजमान देशाची संमती गुपचूप विचारायची, संमती मिळाली की नाव जाहीर करायचे, नव्या राजदूताने यजमान राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्र सादर करायचे, आणि ते ज्या क्रमाने सादर झाले त्या क्रमाने राजदूतांची ज्येष्ठता ठरवायची. या शेवटच्या नियमाचे मूळ १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत आहे. त्याआधी कोणाची बग्गी पुढे आणि कोणाची मागे यावरून राजदूतांच्या नोकरांमध्ये रस्त्यावर हाणामाऱ्या होत, हे लक्षात घेतले तर हा रुक्ष नियम किती शहाणपणाचा आहे हे पटते.

गंमत अशी की या रांगेत उभे राहायला अमेरिका फार उशिरा तयार झाली. राजदूत ही पदवी राजेरजवाड्यांच्या दरबारी शोभणारी आहे असे त्या प्रजासत्ताकाला वाटे, म्हणून १८९३ पर्यंत तिने परदेशात एकही राजदूत नेमला नव्हता आणि खालच्या दर्जाच्या प्रतिनिधींवर काम भागवले होते. आज चित्र उलटे आहे. अमेरिकी राजदूत हा राष्ट्राध्यक्षाचा व्यक्तिगत प्रतिनिधी मानला जातो, आणि त्या देशात लढाऊ सेनाधिपतीच्या हाताखाली असलेले सैन्य सोडले तर अमेरिकी सरकारच्या साऱ्या खात्यांची माणसे त्याच्या अधिकाराखाली असतात. तरीही पदवीवाचून काम अडते असे नाही. जानेवारी २०२१ नंतर दोन वर्षांहून अधिक काळ दिल्लीत अमेरिकेचा कायम राजदूत नव्हता, कारण नेमलेल्या माणसाच्या नावावर सेनेटची मोहोर उमटत नव्हती. त्या काळात प्रभारी अधिकाऱ्यांनी कारभार चालवला, आणि भारत-अमेरिका संबंध त्या अवधीत बिघडले असे कोणी म्हणणार नाही. राजदूताच्या पदाभोवती जो झगमगाट असतो, तो मला या कारणाने थोडा अनाठायी वाटतो. निवडणुकीला भरघोस देणगी देणाऱ्यांना राजदूतपदे वाटण्याची अमेरिकी प्रथा तर त्या पदाची खरी किंमत अमेरिकेलाच किती वाटते, हे उघड करते.

आता कुलूप लागल्यानंतरचे. व्हिएन्ना कराराच्या ४५ व्या कलमात याची तजवीज आहे. संबंध तुटले, अगदी युद्ध सुरू झाले, तरी यजमान देशाने दूतावासाची जागा, मालमत्ता आणि कागदपत्रे यांचा मान राखून त्यांचे रक्षण करायचे, आणि निघून जाणाऱ्या देशाला ती जागा आणि आपल्या नागरिकांचे हित एखाद्या तिसऱ्या देशाच्या हवाली करता यायचे, मात्र तो तिसरा देश यजमानाला मान्य असला पाहिजे. आपल्याकडे दोन भावांमध्ये अबोला असला तरी विहिरीच्या पाण्याची पाळी कळवायची राहत नाही. शेजारच्या पोराकरवी निरोप जातो, आणि त्या पोराला दोन्ही घरांत चहा मिळतो. देशांच्या व्यवहारात हे काम बहुतेक वेळा स्वित्झर्लंडने केले आहे. दुसऱ्या महायुद्धात तर त्याने ३५ देशांच्या वतीने अशी दोनशेहून अधिक कामे अंगावर घेतली होती, आणि एकाच वेळी दोन्ही शत्रूंची कामे त्याच्याकडे असत.

एके काळी ही निरोप्याची भूमिका स्वतः अमेरिकेकडे होती, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले तेव्हा पॅरिसमधल्या जर्मन नागरिकांची काळजी अमेरिकी प्रतिनिधी एलिहू वॉशबर्न यांनी वाहिली, आणि पॅरिसला वेढा पडल्यावर इतर मोठ्या देशांचे प्रतिनिधी निघून गेले तरी ते तिथेच राहिले. पहिल्या महायुद्धात १९१७ पर्यंत बर्लिनमध्ये ब्रिटनचे हितसंबंध अमेरिकी दूतावास सांभाळत होता. हे काम भांडणाबाहेर राहणाऱ्या देशाचे असते. महासत्ता झाल्यावर अमेरिकेला कोणत्याच भांडणाबाहेर राहता येईना, आणि निरोप पोहोचवणारा देश हळूहळू निरोप्यांची गरज पडणारा देश झाला.

हवानाची गोष्ट या सगळ्यात सर्वांत लांबलेली आणि मला सर्वांत आवडणारी आहे. क्यूबाच्या राजधानीत मालेकोन नावाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर अमेरिकेने १९५३ साली काचेची आणि काँक्रीटची नवी इमारत बांधली. सहा वर्षांत क्रांती झाली, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, २ जानेवारी १९६१ रोजी, फिडेल कॅस्ट्रोंनी जाहीर केले की अमेरिकी दूतावासात अकराहून अधिक माणसे असता कामा नयेत. दुसऱ्याच दिवशी मावळते राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संबंध तोडले. त्यांच्या जागी केनेडी यायला जेमतेम अडीच आठवडे उरले होते, म्हणजे तुटलेला धागा त्यांनी उत्तराधिकाऱ्याच्या हाती दिला. अमेरिकी मरीन सैनिकांनी झेंडा उतरवला, मुत्सद्दी बोटीने परतले, आणि इमारत स्विस दूतावासाच्या ताब्यात गेली. वॉशिंग्टनमधली क्यूबाची इमारत चेकोस्लोव्हाकियाकडे सोपवण्यात आली.

ही व्यवस्था नावापुरती होती असे कोणाला वाटले तर १९६५ चे उदाहरण पाहावे. त्या वर्षी क्यूबातून अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्यांना विमानाने नेण्याचा समझोता झाला. बोलायचे नाही असे ठरवलेल्या दोन सरकारांनी तो हवानातल्या स्विस दूतावासामार्फत वाटाघाटी करून आणि पत्रांची देवाणघेवाण करून केला. त्यानंतर १९७३ पर्यंत वरादेरोहून मायामीकडे विमाने उडत राहिली आणि अडीच लाखांहून अधिक माणसे त्यांतून गेली. याद्या तयार करणे, त्या एका सरकारकडून दुसऱ्याकडे नेणे, नावांमधल्या चुका दुरुस्त करणे, हे काम ज्या स्विस कारकुनांनी केले असेल त्यांची नावे इतिहासात नाहीत. मायामीच्या आजच्या लोकवस्तीत आणि म्हणून अमेरिकेच्या राजकारणात मात्र त्यांच्या त्या याद्यांचा वाटा मोठा आहे.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात, १ सप्टेंबर १९७७ पासून, एक विलक्षण तडजोड अमलात आली. अमेरिकी मुत्सद्दी त्याच जुन्या इमारतीत परत आले, पण दूतावास म्हणून नव्हे. कागदोपत्री ते स्विस दूतावासाचा ‘अमेरिकी हितसंबंध विभाग’ होते. तसाच क्यूबाचा विभाग वॉशिंग्टनमध्ये चेकोस्लोव्हाक दूतावासाच्या नावाखाली उघडला. चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट कोसळल्यावर त्या देशाने १९९१ मध्ये हे काम सोडले आणि क्यूबानेही ते स्वित्झर्लंडकडेच दिले. म्हणजे पुढची चोवीस वर्षे अमेरिकेचा हवानातला आणि क्यूबाचा वॉशिंग्टनमधला रखवालदार एकच होता. इमारत अमेरिकेची, माणसे अमेरिकेची, तिजोरी अमेरिकेची, आणि छत्र मात्र स्विस. या इमारतीत राजदूत नव्हता, अमेरिकी झेंडा नव्हता, तरी हवानातल्या सर्वांत मोठ्या परदेशी कार्यालयांत तिची गणना होई. १९९४ च्या स्थलांतर करारानुसार वर्षाला किमान २०,००० क्यूबन नागरिकांना अमेरिकेत स्थायिक होऊ देण्याचे ठरले तेव्हा त्यांचे अर्ज याच ‘दूतावास नसलेल्या’ दूतावासाच्या खिडक्यांवर घेतले जात होते.

अर्थात सगळेच इतके समंजस नव्हते. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेने या इमारतीच्या खिडक्यांवर सरकत्या अक्षरांचा विजेचा फलक लावून क्यूबन जनतेला बातम्या आणि लोकशाहीची वचने वाचायला देण्यास सुरुवात केली. क्यूबाने समोरच्या मैदानात शंभराहून अधिक उंच खांब रोवून त्यांवर काळे झेंडे फडकावले, जेणेकरून फलक दिसू नये. यजमानाच्या घरी राहून त्याच्याच खिडकीतून त्याच्या मुलाबाळांना चिथावणे हे व्हिएन्ना कराराच्या कोणत्या कलमात बसते ते मला सापडलेले नाही, आणि एका महासत्तेने हा उद्योग करावा याचे आजही हसू येते. २००९ मध्ये फलक बंद झाला. क्यूबाच्या भूमीवर अमेरिकेने भाड्याने घेतलेल्या ग्वांतानामोच्या तळाची गोष्टही याच जातीची आहे. त्या नाविक तळाचे वार्षिक भाडे म्हणून अमेरिका ४,०८५ डॉलरचा धनादेश क्यूबा सरकारला पाठवत आली, आणि क्रांतीनंतरच्या पहिल्या वर्षीचा एक वगळता कॅस्ट्रोंनी तो वटवला नाही. भाडे देणारा देत राहिला, घरमालक ते नाकारत राहिला, आणि भाडेकरू तिथेच आहे.

२० जुलै २०१५ रोजी दोन्ही विभाग पुन्हा दूतावास झाले. १४ ऑगस्टला परराष्ट्रमंत्री जॉन केरी हवानात आले आणि झेंडा चढला. १९६१ मध्ये तो उतरवणारे तीन मरीन सैनिक, आता म्हातारे झालेले, त्या समारंभाला हजर होते. ते दृश्य मी तेव्हा दूरचित्रवाणीवर पाहिले आणि इतरांसारखी मीही भारावले होते. पण त्या दिवशी इमारतीच्या आत फारसे काहीच बदलले नव्हते, हेही तितकेच खरे. कालचीच माणसे त्याच टेबलांवर बसली होती. पुढच्या वर्षी ओबामांनी राजदूत म्हणून सुचवलेल्या अधिकाऱ्याला सेनेटने मान्यता दिली नाही. आणि २०१७ मध्ये, अमेरिकी कर्मचाऱ्यांना गूढ आवाजांनंतर आजारपणे जडल्याच्या तक्रारी आल्यावर, माणसे इतकी कमी करण्यात आली की अमेरिकेत स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या क्यूबन माणसाला मुलाखतीसाठी समुद्र ओलांडून गयानातल्या जॉर्जटाउनला जावे लागू लागले. म्हणजे झेंडा नसताना जे काम हवानात होत होते, ते झेंडा लागल्यावर परमुलखात गेले, आणि जानेवारी २०२३ मध्येच पूर्णपणे परत आले. संबंध आहेत की नाहीत हे झेंड्यावरून ठरवायचे की खिडकीवरून, असा प्रश्न मला विचारला तर मी खिडकीच्या बाजूने कौल देईन.

इराणच्या राजधानीत, तेहरानमध्ये, मात्र परत यायला इमारतच ताब्यात उरली नाही. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थ्यांनी अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला, आणि ५२ अमेरिकी ओलिसांची कैद ४४४ दिवस चालली. या प्रकरणातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ओलीस धरल्यानंतर पाच महिने अमेरिकेने इराणशी संबंध तोडले नव्हते. वॉशिंग्टनमध्ये इराणचा दूतावास उघडा होता, आणि अमेरिकेचे तेहरानमधले सर्वांत वरिष्ठ अधिकारी इराणच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या इमारतीत अडकून पडले असतानाही आपल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून बोलण्याचा प्रयत्न करत होते. सुटकेसाठी बोलायला कोणीतरी हवे, म्हणून दार उघडे ठेवले होते. आशा संपल्यावर ७ एप्रिल १९८० रोजी ते बंद झाले, आणि मे महिन्यात स्वित्झर्लंडने अमेरिकेचे हितसंबंध अंगावर घेतले. इराणने आपले काम आधी अल्जीरियाकडे आणि १९९२ पासून पाकिस्तानकडे दिले. वॉशिंग्टनमधला इराणी हितसंबंध विभाग तेव्हापासून पाकिस्तानी दूतावासाच्या नावाने चालत आला आहे.

तेहरानमधले स्विस कर्मचारी अमेरिकी व्हिसा देत नाहीत; अमेरिकी नागरिकांचे पासपोर्टचे अर्ज घेणे, जन्माची नोंद करणे, तुरुंगात असलेल्यांना भेटण्याची परवानगी मागत राहणे, ही त्यांची कामे. ती परवानगी इराण बहुतेक वेळा देत नाही, कारण इराणी वंशाच्या अमेरिकी माणसाला तो केवळ इराणीच मानतो. पण याखेरीज एक अधिक नाजूक काम असते. ३ जानेवारी २०२० रोजी बगदादमध्ये अमेरिकी हल्ल्यात इराणचे जनरल कासिम सुलेमानी मारले गेले. दोन्ही देशांचे नेते जाहीरपणे एकमेकांना भस्मसात करण्याच्या गोष्टी बोलत होते, आणि त्याच तासांत, अमेरिकी वृत्तपत्रांनी नंतर दिलेल्या माहितीप्रमाणे, तेहरानच्या स्विस दूतावासातल्या कूटबद्ध फॅक्स यंत्रावर वॉशिंग्टनचा संदेश उतरत होता. स्विस राजदूत तो हातात घेऊन इराणच्या परराष्ट्र मंत्रालयात गेले. पुढचे काही दिवस संदेशांची ही ये-जा चालू राहिली. जगातल्या सर्वांत सुसज्ज संपर्कयंत्रणेच्या मालकाला ऐन संकटात एका छोट्या देशाच्या फॅक्सवर विसंबावे लागले, यात मला नामुष्की दिसत नाही. उलट ती यंत्रणा त्या दिवसासाठीच चाळीस वर्षे तेल घालून ठेवली होती.

मग सर्वांत बलाढ्य शत्रूशीही अमेरिकेने असेच संबंध तोडले होते का, अशी इथे शंका येते आणि तिचे उत्तर फार बोलके आहे. अमेरिकेचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा शत्रू सोव्हिएत संघ. १९३३ मध्ये मान्यता दिल्यानंतर अमेरिकेने त्याच्याशी राजनैतिक संबंध एकदाही तोडले नाहीत. मॉस्कोत अमेरिकेच्या नव्या दूतावासाच्या भिंतींमध्ये बांधकाम चालू असतानाच ऐकण्याची यंत्रे पुरली गेली आणि ते १९८५ मध्ये उघडकीस आले, तरी नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्यूबात होती, पण हवानाशी बोलायला अमेरिकेकडे स्वतःचे माणूस नव्हते आणि मॉस्कोशी बोलायला होते. त्या पेचातून सुटका त्या दुसऱ्या दाराने झाली. तेही दार किती अरुंद होते ते पाहा: वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी पुढे आठवणींत नोंदवले आहे की त्यांचा सांकेतिक मजकूर नेण्यासाठी तारकंपनीचा पोऱ्या सायकलवरून येत असे, आणि तो वाटेत कुठे रमला नसावा अशी प्रार्थना करण्याखेरीज त्यांच्या हाती काही नसे. पुढच्याच वर्षी दोन्ही राजधान्यांमध्ये थेट तारयंत्र जोडले गेले. तात्पर्य काढायचे तर एवढेच निघते की महासत्ता संबंध तोडते ते दुबळ्या शत्रूशी. ज्याच्याकडे तिच्या तोडीची अण्वस्त्रे आहेत त्याच्याशी अबोला धरणे तिलाही परवडत नाही.

दुबळ्या शत्रूंचा हा हिशेब भराभर सांगून संपवता येतो. उत्तर कोरियात अमेरिकेचे काम १९९५ पासून स्वीडनकडे आले. २०१२ मध्ये सीरियातला, दमास्कसचा, दूतावास बंद झाला तेव्हा चेक प्रजासत्ताकाने ते पत्करले. ज्या प्रागने शीतयुद्धात अमेरिकेच्या दारात क्यूबाची वकिली केली, त्याच प्रागने आता सोव्हिएत संघाच्या दुसऱ्या एका जुन्या मित्राच्या दारात अमेरिकेची केली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल सोडल्यावर अमेरिकेचे अफगाण कामकाज दोहाला हलले आणि कतार तिचा हितरक्षक झाला. आणि भांडण नसतानाही संबंध नाहीत असे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे: भूतानशी अमेरिकेचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, स्नेहाचे आहेत, आणि ते दिल्लीतल्या दूतावासातून सांभाळले जातात.

भारतात अमेरिकेचा पहिला प्रतिनिधी आला तोही असाच अर्धवट मान्यतेने. १७९२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी बेंजामिन जॉय यांना कलकत्त्याचे वाणिज्यदूत नेमले. ते १७९४ मध्ये पोहोचले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना वाणिज्यदूत मानायला नकार दिला आणि केवळ व्यापारी अडत्या म्हणून राहू दिले. मुंबईतले अमेरिकी वाणिज्य कार्यालय १८३८ पासूनचे. माझ्या पिढीच्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र ते ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसच्या रूपात उभे राहते. हा वांकानेरच्या महाराजांचा समुद्राला लागून असलेला वाडा अमेरिकेने १९५७ मध्ये घेतला होता. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या माझ्या मावशीबरोबर मी तिथल्या रांगेत भुलाभाई देसाई मार्गावर उभी राहिले आहे. मावशीच्या हातात घराच्या कागदपत्रांपासून बँकेच्या पुस्तकापर्यंत सगळे काही असलेली फुगलेली फाइल होती आणि ओठांवर पाठ केलेली उत्तरे होती. आत गेल्यावर काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने तिला तीन प्रश्न विचारले आणि फाइल उघडलीच नाही, याचा राग तिने पुढे कितीतरी दिवस काढला. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढ्या मुलखातल्या बहुतेक लोकांनी महासत्तेचा प्रतिनिधी म्हणून जो कोणी पाहिला असेल तो त्या काचेमागचा, बहुधा पहिल्याच नेमणुकीवर आलेला, तरुण अधिकारी असतो.

तो वाडा नोव्हेंबर २०११ मध्ये सुटला आणि कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात गेले. यामागे जागेची अडचण होती, तशीच एक दूरची घटनाही होती. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर एकाच सकाळी बॉम्बहल्ले झाले. २२४ माणसे मेली, त्यांत अमेरिकी बारा होते आणि बाकी बहुतांश आफ्रिकी, त्यांतही रस्त्याने जाणारे आणि शेजारच्या इमारतीत काम करणारे पुष्कळ होते. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून नव्या दूतावासाच्या भिंती आणि सीमेची भिंत यांत किमान १०० फूट अंतर सक्तीचे केले. शहराच्या मध्यात एवढी मोकळी जागा कुठे मिळणार? मग जगभर अमेरिकेचे दूतावास गजबजलेल्या रस्त्यांवरून उठून कडेच्या मोठ्या भूखंडांवर जाऊ लागले. सुरक्षेचा तो निर्णय मला चुकीचा म्हणता येत नाही. पण दिल्लीत १९५९ मध्ये एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी जाळीदार भिंतींचा, मधोमध पाण्याचे तळे असलेला जो दूतावास उभारला, तो पाहायला लोकांनी यावे अशी कल्पना होती. नंतरच्या इमारतींकडे पाहून येणाऱ्याने दूर राहावे असेच वाटते.

शेवटी तैवान, कारण तिथे संबंध तोडले ते मित्राशी. त्याची तयारी १९७३ पासून चालू होती. त्या वर्षी अमेरिकेने बीजिंगमध्ये दूतावास न म्हणता ‘संपर्क कार्यालय’ उघडले, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश १९७४-७५ मध्ये त्याचे प्रमुख होते, आणि तैपेईच्या, म्हणजे तैवानच्या, सरकारचा दूतावास वॉशिंग्टनमध्ये त्याच वेळी पूर्ण दर्जाने नांदत होता. १ जानेवारी १९७९ रोजी पारडे फिरले. बीजिंगला दूतावास मिळाला आणि तैपेईचा गेला. मग अमेरिकी संसदेने तैवान संबंध कायदा केला आणि त्यात असे लिहिले, की राजनैतिक संबंध नसले तरी अमेरिकेचे कायदे तैवानला पूर्वीसारखेच लागू राहतील. प्रत्यक्ष कामासाठी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान’ ही नफा न कमावणारी खाजगी संस्था वॉशिंग्टनमध्ये नोंदवण्यात आली. मुत्सद्द्याने सरकारी सेवेतून बाजूला व्हायचे, या संस्थेत नोकरी करायची, आणि मुदत संपली की ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन अबाधित राखून सरकारी सेवेत परतायचे, अशी सोय त्या कायद्यातच आहे. या खाजगी संस्थेने जून २०१८ मध्ये तैपेईच्या नेइहू भागात सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून नवी वास्तू समारंभपूर्वक सिद्ध केली. एवढ्या खर्चाच्या वास्तूत जो प्रमुख बसतो त्याला राजदूत म्हणत नाहीत, आणि तो कोणाला अधिकारपत्रही सादर करत नाही.

हा खेळ सगळ्यांना कळतो आणि सगळे तो गंभीरपणे खेळतात, यातच त्याचे यश आहे. तैवान हा वेगळा देश नाही हा बीजिंगला हवा असलेला मुद्दा पाटीत सांभाळला जातो, तैपेईला हवे असलेले काम आतल्या टेबलांवर होते, आणि अमेरिकेला दोन्ही मिळते. पाटीला धक्का लागला की मात्र लगेच आवाज होतो. १ जानेवारी २०१५ रोजी वॉशिंग्टनमधल्या ‘ट्विन ओक्स’ या आपल्या जुन्या राजदूत-निवासात तैवानच्या प्रतिनिधींनी झेंडा चढवला, तेव्हा चीनने तर निषेध केलाच, पण अमेरिकेनेही ठरलेल्या समजुतीचा हा भंग आहे असे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिका स्वतःचा झेंडा हवानात चढवणार होती.

आपण या खेळाचे नुसते प्रेक्षक नाही. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली, त्यामुळे तैवानशी आपलेही राजनैतिक संबंध नाहीत. पण १९९५ पासून तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आहे आणि तिचा प्रमुख आपल्या परराष्ट्र सेवेतला अधिकारी असतो. दिल्ली आणि चेन्नईनंतर तैवानने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतही आपले ‘आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र’ उघडले. त्याच्या नावात देशाचा नव्हे तर तैपेई या शहराचा उल्लेख आहे, आणि चीनने अपेक्षेप्रमाणे नाराजी नोंदवली. व्हिसा आणि कागदपत्रांचे साक्षांकन ही वाणिज्य दूतावासाची कामे या केंद्रात होतात. सेमीकंडक्टरच्या कारखान्यात नोकरीला निघालेला पुण्याचा किंवा नाशिकचा अभियंता आता दिल्लीची खेप न करता मुंबईतच आपला अर्ज भरतो, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याची पदवी काय आहे, हे विचारायचे त्याला काही कारण पडत नाही.